लसीकरणाचा दाखला आणि सदसद्विवेकाची सवलत : इंग्लंड व अमेरिकेतील पालक, शाळा आणि कायदा – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

बालकांच्या लसीकरणाचा इतिहास बहुधा रोगाच्या किंवा संशोधकाच्या अंगाने लिहिला जातो. एडवर्ड जेन्नरने १४ मे १७९६ रोजी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर गाईच्या देवीतील लस टोचली, १७९८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि तेथून देवीच्या उच्चाटनापर्यंत एक सरळ रेषा ओढली जाते. या रेषेवर डॉक्टर दिसतात, सरकार दिसते, रोगी दिसतो. पण मुलाला कडेवर घेऊन दाखल्यासाठी रांगेत उभा असलेला पालक फारसा दिसत नाही. वास्तविक लसीकरण सक्तीचे झाले त्या दिवसापासून पालकाचा संबंध लसीइतकाच कागदाशी आला. लस टोचल्याचा कागद, लस टोचता येत नाही याचा कागद आणि पुढे लस टोचून घ्यायची नाही याचाही कागद! या तीन कागदांपैकी कोणता मिळवणे सोपे आणि कोणता कठीण, यावर सक्तीचे यशापयश किती अवलंबून होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी मुख्यतः इंग्लंडमधील १८५३ ते १९०७ चे कायदे आणि अमेरिकेतील शाळाप्रवेशाचे नियम यांचा विचार केला असून, हिंदुस्थानचा संबंध जेथे खरोखर येतो तेवढ्यापुरताच तो घेतला आहे.

लसविरोधकांचे म्हणणे बरोबर होते काय, हा प्रश्न येथे विचारात घेतलेला नाही. देवी, गोवर, पोलिओ या रोगांच्या बाबतीत त्याचे उत्तर इतिहासाने दिलेले आहे. परंतु दाखला नसलेला प्रत्येक पालक विरोधकच असतो हे गृहीतक मात्र तपासून पाहण्याजोगे आहे, कारण दीडशे वर्षे कायदे करणारे याच गृहीतकावर चालत आले.

जन्मनोंदणीपासून दंडापर्यंत

इंग्लंडमध्ये १८४० च्या कायद्याने गरिबांना मोफत लस उपलब्ध करून दिली आणि देवीच्या रोग्याच्या फोडातील द्रव टोचण्याची जुनी पद्धत बेकायदा ठरवली. हे काम गरिबांच्या कायद्याखाली नेमलेल्या गार्डियन मंडळांकडे सोपवले गेले. त्यामुळे लस म्हणजे भिकेचा प्रकार, अशी भावना कामगारवर्गात रुजली. सक्ती आली ती १८५३ मध्ये. जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत मुलाला लस टोचून घेणे पालकांवर बंधनकारक झाले आणि न टोचल्यास एक पौंडापर्यंत दंड ठेवण्यात आला. एक पौंड म्हणजे वीस शिलिंग. शेतमजुराची आठवड्याची मजुरी त्याहून कमी होती.

या कायद्याची यंत्रणा लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. मुलाच्या जन्माची नोंद करायला पालक गेला की निबंधक त्याच्या हाती लसीकरणाची सूचना आणि कोरे नमुने ठेवत असे. लस टोचल्यानंतर आठवड्याने त्याच वारी मूल पुन्हा दाखवायला आणावे लागे. फोड नीट उठला असेल तर डॉक्टर यशस्वी लसीकरणाचा दाखला देई. मूल अशक्त किंवा आजारी असेल तर दोन महिन्यांची मुदत देणारा दाखला मिळे. ती मुदत संपली की पुन्हा हेलपाटा. वारंवार टोचूनही फोड उठला नाही तर मूल लसीला अग्राह्य असल्याचा तिसरा दाखला असे. म्हणजे वैद्यकीय कारणास्तव सूट ही कल्पना सक्तीइतकीच जुनी आहे. मतभेदाच्या कारणास्तव सूट मात्र या कायद्यात कोठेही नव्हती.

आठवड्याने मूल परत आणण्यामागे केवळ तपासणी हा हेतू नसे. त्या काळी लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर नेली जात असे. पिकलेल्या फोडातील द्रव काढून तो रांगेतील पुढच्या मुलांना टोचायचा, ही नेहमीची रीत होती आणि तसे करू देण्यास नकार देणेही पुढे दंडनीय ठरले. आपल्या तान्ह्या मुलाचा फोड परक्या माणसाने पुन्हा फोडावा आणि कोणाच्या तरी मुलाच्या अंगातील द्रव आपल्या मुलाच्या अंगात जावा, याविषयी आईला वाटणारी किळस आणि भीती अडाणीपणाची म्हणून सोडून देता येत नाही. या मार्गाने उपदंशासारखे रोग संक्रमित होऊ शकतात हे डॉक्टरांनाही पुढे मान्य करावे लागले. श्रीमंतांची मुले घरी, खासगी डॉक्टरांकडून टोचून घेतली जात. रांग गरिबांसाठी होती.

१८६७ च्या कायद्याने मूल चौदा वर्षांचे होईपर्यंत पालकाला पुन्हा पुन्हा दंड करण्याचा मार्ग मोकळा झाला. १८७१ मध्ये, देवीची भयंकर साथ चालू असताना, प्रत्येक गार्डियन मंडळाला लसीकरण अधिकारी नेमणे भाग पाडण्यात आले. या अधिकाऱ्याच्या हाती जन्माची यादी आणि दाखल्यांची यादी अशा दोन याद्या असत. पहिल्या यादीत असलेले आणि दुसऱ्या यादीत नसलेले नाव म्हणजे त्याचे काम. यादीवर यादी ठेवून गुन्हेगार शोधण्याची ही पद्धत आज सामान्य वाटते. त्या काळात ती नवीन होती. लस टोचलेली असूनही दाखला निबंधकाकडे पोहोचला नाही, घर बदलले, डॉक्टरने कागद पाठवला नाही, अशा पालकांनाही तीच नोटीस जाई.

दंड भरला नाही तर घरातील सामान जप्त होऊन लिलावात निघे आणि सामान नसेल तर तुरुंग. लेस्टर शहरात या खटल्यांची संख्या हजारोंनी वाढली आणि २३ मार्च १८८५ रोजी तेथे इंग्लंडमधील सर्वांत मोठे लसविरोधी निदर्शन झाले. समकालीन अंदाजानुसार ऐंशी हजार ते एक लाख लोक त्यात सामील होते. त्यात जेन्नरची प्रतिमाही मिरवण्यात आली. पुढे तेथील गार्डियन मंडळाने खटले भरणेच थांबवले. लेस्टरने त्याऐवजी रोग्याची तत्काळ नोंद, विलगीकरण आणि संपर्कातील लोकांवर देखरेख ही पद्धत राबवली आणि १८९२–९३ च्या साथीत त्या शहराची हानी मर्यादित राहिली. लसविरोधक लेस्टरचा दाखला आजही देतात. त्यांनी ग्लूस्टरचाही द्यावा. तेथील गार्डियनांनीही अंमलबजावणी सोडून दिली होती, पण विलगीकरणाची लेस्टरसारखी व्यवस्था नव्हती. १८९५–९६ च्या साथीत त्या लहान शहरात सुमारे दोन हजार लोकांना देवी आल्या आणि चारशेहून अधिक दगावले. मृतांत लस न टोचलेल्या मुलांची संख्या मोठी होती.

न्यायाधीशासमोर सदसद्विवेक

लसीकरणाच्या प्रश्नावर १८८९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने आपला अखेरचा अहवाल १८९६ मध्ये दिला. लस उपयुक्त आहे, परंतु प्रामाणिक विरोध करणाऱ्यांना पुन्हा पुन्हा दंड करू नये, असा त्याचा आशय होता. त्यातून १८९८ चा कायदा आला. मुलाच्या जन्मापासून चार महिन्यांच्या आत दोन न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर किंवा एका पगारी दंडाधिकाऱ्यासमोर उभे राहून, लस मुलाच्या प्रकृतीला अपायकारक ठरेल असे आपण सदसद्विवेकबुद्धीने मानतो, अशी त्यांची खात्री पटवून दिल्यास पालकाला सूट मिळू लागली. मिळालेला दाखला सात दिवसांच्या आत लसीकरण अधिकाऱ्याकडे पोहोचवणे आवश्यक होते. याच कायद्याने दंडावरून दंडावर लस नेण्याऐवजी वासरापासून तयार केलेली ग्लिसरीनयुक्त लस वापरात आणली आणि सरकारी डॉक्टराने घरी येऊन टोचावे अशी सोय केली. भावनिक विरोधाची दोन मोठी कारणे त्यामुळे एकाच फटक्यात कमी झाली. इतिहासग्रंथांत कॉन्शन्स क्लॉजची जितकी चर्चा होते तितकी या दुसऱ्या सुधारणेची होत नाही, हे खेदजनक आहे.

‘खात्री पटवून दिल्यास’ हे शब्द पालकांच्या मुळावर आले. श्रद्धा ही मनातील गोष्ट. ती दुसऱ्याला पटवून द्यायची कशी? काही दंडाधिकारी पालकाचे म्हणणे ऐकून लगेच सही करत. काही मात्र उलटतपासणी घेत, पुरावा मागत, किंवा तुमचे बोलणे ऐकले पण आमची खात्री पटली नाही एवढे म्हणून अर्ज फेटाळत. एकाच जिल्ह्यात एका दंडाधिकाऱ्याकडे सूट मिळे व शेजारच्याकडे मिळत नसे. अनेक ठिकाणी आई अर्ज घेऊन गेली तर कायद्यातील ‘पालक’ म्हणजे बाप असा अर्थ लावून तिला परत पाठवले जाई. बापाला न्यायालयात जायचे तर दिवसाची मजुरी बुडणार. नाद्या डरबाख या इतिहासकार विदुषीने २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बॉडिली मॅटर्स’ या ग्रंथात या प्रसंगांचे तपशीलवार विवेचन केले असून, सदसद्विवेक हा गुण सुशिक्षित पुरुषांपाशीच असू शकतो अशी दंडाधिकाऱ्यांची समजूत कशी होती याकडे लक्ष वेधले आहे. इतक्या अडचणी असूनही १८९८ च्या अखेरपर्यंत दोन लाखांहून अधिक सवलतीचे दाखले दिले गेले. जुन्या सक्तीखाली दबून राहिलेला असंतोष किती होता, हे या आकड्यावरून समजते.

१९०६ मध्ये लिबरल पक्ष मोठ्या बहुमताने सत्तेवर आला आणि १९०७ च्या कायद्याने ही खात्री पटवण्याची अट काढून टाकली. आता जन्मापासून चार महिन्यांच्या आत पालकाने अधिकृत व्यक्तीसमोर प्रतिज्ञापत्र करावयाचे, एवढेच उरले. सवलतींचे प्रमाण त्यानंतर झपाट्याने वाढले. सक्ती कागदावर राहिली आणि राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली त्या ५ जुलै १९४८ रोजी तीही संपली. सवलत इतकी सैल असूनही देवीने इंग्लंडमध्ये हाहाकार माजवला नाही, हा युक्तिवाद केला जातो. परंतु १९२० नंतर तेथे पसरलेली देवी बहुतांशी सौम्य प्रकारची होती आणि नोंद, विलगीकरण, संपर्कितांना लस टोचणे ही व्यवस्था तोवर भक्कम झाली होती. सवलतीच्या कायद्याची खरी परीक्षा झालीच नाही असे म्हणणे अधिक योग्य होईल.

या कायद्याने इंग्रजी भाषेला एक शब्दप्रयोगही दिला. ‘कॉन्शन्शस ऑब्जेक्टर’ म्हटले की आपल्याला पहिल्या महायुद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारा तरुण आठवतो. १९१६ च्या लष्करी सेवा कायद्याआधी जवळजवळ दोन दशके हा शब्द लस न टोचून घेणाऱ्या पालकासाठी रूढ होता.

हिंदुस्थानातील दाखला

जेन्नरची लस मुंबईत इंग्लंडमधील सक्तीच्या अर्धशतक आधीच पोहोचली होती. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस ही हिंदुस्थानातील पहिली यशस्वी लस मानली जाते. मुंबई शहरासाठी सक्तीचा कायदा १८७७ मध्ये झाला. त्यानंतर सर सय्यद अहमद खान यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मांडलेले विधेयक १८८० चा व्हॅक्सिनेशन ॲक्ट म्हणून संमत झाले. हा कायदा सर्वत्र लागू नव्हता. ज्या नगरपालिका व छावण्यांत तो लागू केला जाई तेथपुरताच होता. सहा महिने पूर्ण झालेल्या ‘असंरक्षित’ मुलाला पालकाने लस टोचणाऱ्याकडे न्यावे असे त्यात म्हटले असून वयाची मर्यादा मुलासाठी चौदा व मुलीसाठी आठ वर्षे ठेवली होती. ही तफावत अर्थातच त्या काळच्या स्त्रीजीवनाविषयी बरेच काही सांगून जाते. यशस्वी लसीकरण, तूर्त अपात्रता आणि अग्राह्यता असे तिन्ही इंग्रजी दाखले या कायद्यात उतरले. चौथा दाखला इंग्लंडमध्येही तेव्हा जन्मला नव्हता.

मराठी मुलखात लस टोचण्याला ‘देवी काढणे’ म्हणत आणि गावोगाव फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला ‘देवीडॉक्टर’. येथे कागदापेक्षा दंडावरचा वण हाच दाखला होता. जन्माची नोंद अपुरी, स्थलांतर सतत, साक्षरता अत्यल्प. अशा समाजात अंगावर लिहिलेला दाखला हरवत नाही हा त्याचा मोठा गुण. प्रस्तुत लेखिकेच्या आईवडिलांच्या दंडावर देवीचे ठळक गोल वण आहेत. १९७५ मध्ये देशातून देवी हटल्यानंतर जन्मलेल्या पिढीच्या दंडावर बीसीजीचा लहानसा वण तेवढा उरला.

इंग्लंडमधील लसविरोधी विचारांचा हिंदुस्थानशी आलेला सर्वांत ठळक संबंध म्हणजे महात्मा गांधी. विद्यार्थिदशेत लंडनच्या शाकाहारी मंडळींत ते वावरले होते आणि त्या वर्तुळात लसविरोधाला मान्यता होती. १९१३ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मधील आरोग्यविषयक लेखमालेत त्यांनी देवीच्या लसीवर कठोर टीका केली. १९३० च्या प्रारंभी, दांडीयात्रेच्या तयारीच्या दिवसांत, साबरमती आश्रमात देवीची साथ येऊन मुले दगावली तेव्हा ते अत्यंत व्यथित झाले, तरी मत बदलले नाही. गांधींच्या चरित्रातील हा भाग आपण विद्यार्थ्यांना शिकवताना बहुधा वगळतो. वगळू नये असे वाटते.

शाळेचे दार

अमेरिकेत सक्तीने वेगळा मार्ग धरला. इंग्लंडमध्ये राज्यसंस्थेची आणि मुलाची पहिली भेट निबंधकाच्या कचेरीत होत असे. अमेरिकेत जन्मनोंदणीच विस्कळीत होती. सर्व राज्ये राष्ट्रीय जन्मनोंदणी क्षेत्रात येण्यास १९३३ साल उजाडले. त्यामुळे मूल प्रथम दिसे ते शाळेच्या दारात. बॉस्टन शहराने १८२७ मध्ये आणि संपूर्ण मॅसॅच्युसेट्स राज्याने १८५५ मध्ये शाळाप्रवेशासाठी देवीची लस आवश्यक केली. दंड आणि तुरुंगाऐवजी येथे ‘दाखला नाही तर प्रवेश नाही’ हे साधन होते. वरकरणी ते सौम्य दिसते. पण शिक्षणही सक्तीचे झाल्यावर पालक दोन कायद्यांच्या कात्रीत सापडला. मुलाला शाळेत पाठवले नाही म्हणून गुन्हा आणि दाखल्याशिवाय शाळा घेणार नाही! शाळेत दंड उघडा करून वण पाहिला जाई, त्यामुळे आम्लाने कृत्रिम वण उठवण्याचे आणि खोटे दाखले मिळवण्याचे प्रकारही घडले.

सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी १९०५ रोजी जेकबसन विरुद्ध मॅसॅच्युसेट्स या खटल्यात सक्ती वैध ठरवली. केंब्रिज शहरातील हेनिंग जेकबसन या धर्मोपदेशकाला लस नाकारल्याबद्दल पाच डॉलर दंड झाला होता. लहानपणी लसीमुळे आपल्याला आणि पुढे आपल्या मुलालाही त्रास झाला, असे त्याचे म्हणणे होते. तो प्रौढ होता. अपात्रतेच्या वैद्यकीय दाखल्याची सवलत त्या कायद्यात फक्त मुलांना होती. न्यायमूर्ती हार्लन यांनी सार्वजनिक सुरक्षिततेसाठी व्यक्तिस्वातंत्र्यावर वाजवी बंधन घालता येते असे सांगतानाच, ज्याच्या प्रकृतीला लस घातक आहे अशा व्यक्तीवर ती लादणे क्रूरपणाचे ठरेल, असेही स्पष्ट केले. १९२२ मध्ये झुक्ट विरुद्ध किंग या खटल्यात टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहराचा शाळाप्रवेशाचा नियम एकमताने उचलून धरण्यात आला. त्या वेळी शहरात साथ नव्हती, हा आक्षेप न्यायालयाने महत्त्वाचा मानला नाही. शाळेच्या दारावरील दाखल्याला घटनात्मक आधार मिळाला तो असा.

धार्मिक आणि वैयक्तिक मताच्या सवलती मुख्यतः पोलिओ आणि गोवराच्या लसींबरोबर आल्या. कॅलिफोर्नियाच्या १९६१ च्या पोलिओविषयक कायद्यात मतभेदाला वाव होता. न्यूयॉर्कने १९६६ मध्ये धार्मिक सवलत ठेवली, ती ख्रिश्चन सायन्स पंथाच्या आग्रहाने. आरंभी ती ‘मान्यताप्राप्त’ धर्मसंस्थेच्या सदस्यांपुरती होती. १९८७ मध्ये लाँग आयलंडवरील एका शाळा-जिल्ह्याविरुद्धच्या खटल्यात संघीय न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरवली. सदस्यत्व गेले, मग उरली श्रद्धेची प्रामाणिकता. त्या खटल्यात दोन कुटुंबे होती. न्यायाधीशाने एकाची श्रद्धा खरी मानली, दुसऱ्याची मानली नाही. १८९८ चा इंग्लिश दंडाधिकारीच जणू नव्वद वर्षांनी अटलांटिक ओलांडून आला होता. याउलट मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये धार्मिक सवलतच रद्द केली, कारण काही मुलांना सूट देणे हे इतर मुलांच्या समान संरक्षणाच्या हक्काविरुद्ध आहे. संघीय न्यायालयाच्या आदेशाने २०२३ मध्ये तेथे ती पुन्हा द्यावी लागली.

दाखला सोपा की सूट सोपी?

या साऱ्या वादात एक साधी गोष्ट दुर्लक्षित राहिली. १९७६ मध्ये अलास्का राज्यात गोवराची साथ असताना अधिकाऱ्यांनी कायदा कडकपणे राबवण्याचे जाहीर केले. ठरलेल्या दिवशी ८९,१०९ विद्यार्थ्यांपैकी ७,४१८ जणांकडे लसीकरणाचा पुरावा नव्हता आणि त्यांना घरी पाठवण्यात आले. महिन्याभराने घरी राहिलेल्यांची संख्या ५१ हूनही कमी होती. १९७७ मध्ये लॉस अँजेलिस परिसरात चौदा लाखांपैकी सुमारे पन्नास हजार मुलांना असेच परत पाठवले गेले. त्यांतील बहुतेक काही दिवसांत शाळेत परतली. साथ ओसरली. याच अनुभवामुळे १९८० च्या सुमारास पन्नासही राज्यांत शाळाप्रवेशासाठी लसीकरणाचे कायदे पूर्ण झाले.

हे आकडे सामान्यतः सक्तीच्या बाजूने पुरावा म्हणून दिले जातात आणि ते योग्यच आहे. पण त्यांचा आणखी एक अर्थ होतो. त्या ७,४१८ कुटुंबांपैकी विरोधक मूठभर असणार. उरलेल्यांकडे वेळ नव्हता, कागद नव्हता, कार्ड गावोगावच्या बदल्यांत हरवले होते, किंवा डॉक्टर बदलला होता. यादीत नाव नसलेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो, हे १८७१ च्या लसीकरण अधिकाऱ्याला जे कळले नव्हते ते अलास्काच्या आकड्यांत उघड दिसते.

अशा पालकासमोर शाळेच्या खिडकीवर दोन कागद असतील, एक लसींच्या सर्व तारखा मागणारा आणि दुसरा केवळ सही मागणारा, तर तो काय करील? २००१ मध्ये अमेरिकेतील राज्यांच्या पद्धतींची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात, सूट मिळवण्याची प्रक्रिया जितकी सोपी तितके सुटीचे प्रमाण अधिक, असे आढळले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने, सहज सूट देणाऱ्या राज्यांत डांग्या खोकल्याचे प्रमाण अधिक असल्याचे दाखवले. म्हणजे काही सह्या श्रद्धेच्या नव्हत्या, सोयीच्या होत्या. सोयीची किंमत मात्र वर्गातील दुसऱ्या मुलाने मोजली. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेले मूल लस घेऊ शकत नाही. त्याचे संरक्षण शेजारच्या बाकावरील मुलाच्या दाखल्यात असते.

कॅलिफोर्नियाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. २०१२ मध्ये संमत होऊन २०१४ पासून लागू झालेल्या कायद्याने वैयक्तिक मताच्या सवलतीसाठी आरोग्यसेवकाची सही आवश्यक केली. डिसेंबर २०१४ मध्ये डिस्नेलँड येथून गोवर पसरला आणि ३० जून २०१५ रोजी वैद्यकीय कारण सोडून सर्व सवलती रद्द करणाऱ्या विधेयकावर राज्यपालांची सही झाली. बालवर्गात सर्व आवश्यक लसी पूर्ण झालेल्या मुलांचे प्रमाण २०१४–१५ मध्ये ९०.४ टक्के होते, ते २०१६–१७ मध्ये ९५.६ टक्के झाले. श्रेय साहजिकच सवलत रद्द करण्याला मिळाले. परंतु याच काळात दुसरी एक घडामोड झाली. लसी अपुऱ्या असल्या तरी ‘नंतर पूर्ण करू’ या हमीवर शाळा मुलांना सशर्त प्रवेश देत असत. शाळांच्या कर्मचाऱ्यांना नियम समजावून देऊन आणि पाठपुरावा करून हे सशर्त प्रवेश ६.९ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आणले गेले. मतभेदाची सवलत याच काळात सुमारे दोन टक्क्यांनी घटली. वाढीचा मोठा वाटा, माझ्या मते, तत्त्वाच्या लढाईतून नव्हे तर शाळेच्या कारकुनाच्या टेबलावरून आला. त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही आणि त्याच्याविरुद्धही नाही.

दरम्यान वैद्यकीय सवलतींचे प्रमाण ०.२ टक्क्यांवरून २०१७–१८ पर्यंत ०.७ टक्क्यांवर गेले. एक दार बंद झाल्यावर काही पालक दुसऱ्या दाराकडे वळले आणि फी घेऊन सूट देणारे डॉक्टरही निघाले. त्यामुळे २०१९ मध्ये वैद्यकीय दाखल्यांची राज्यस्तरावर छाननी करणारा कायदा करावा लागला. त्याच वर्षी देशात गोवराचे बाराशेहून अधिक रुग्ण आढळले आणि न्यूयॉर्कने आपली १९६६ ची धार्मिक सवलत रद्द केली. अन्य अनेक राज्यांत मात्र प्रवाह उलट दिशेने वाहत राहिला. २०२४–२५ या शालेय वर्षात अमेरिकेतील बालवर्गाच्या ३.६ टक्के मुलांना कोणत्या ना कोणत्या लसीपासून सूट होती. २०२५ मध्ये टेक्सासच्या पश्चिम भागात गोवराची साथ येऊन त्या राज्यात ७६२ रुग्ण नोंदले गेले आणि लस न घेतलेली शाळकरी वयाची दोन मुले मरण पावली.

लसीला कोणताही विरोध नसलेले पालकही या कागदांत कसे अडकतात याचे उदाहरण शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात गेलेल्या मराठी कुटुंबाजवळ मुलाचे लसीकरणाचे कार्ड असते. आपल्याकडे गोवराची पहिली मात्रा नवव्या महिन्यात देतात, कारण येथे तान्ह्या वयात गोवर होण्याचा धोका मोठा आहे. कॅलिफोर्नियाच्या शाळेत पहिल्या वाढदिवसापूर्वी दिलेली ही मात्रा मोजली जात नाही. एप्रिल २०१६ नंतर तोंडाने दिलेले पोलिओचे डोस अमेरिकन नियमांनुसार हिशेबात धरत नाहीत, कारण तेव्हापासून त्या डोसातून विषाणूचा एक प्रकार वगळण्यात आला. तारीख आपण आधी दिवस व मग महिना अशी लिहितो, तिकडे क्रम उलटा. ५ ऑगस्टची ८ मे होते आणि दोन मात्रांतील अंतर कागदावर चुकते. नगरपालिकेच्या दवाखान्यात एकही पाळी न चुकवलेल्या आईला तेथे मुलाचे लसीकरण अपूर्ण असल्याचे पत्र मिळते. मग पुन्हा टोचणे किंवा रक्त तपासून प्रतिकारशक्ती सिद्ध करणे एवढाच मार्ग राहतो. मुलाच्या दंडावरील बीसीजीच्या वणासाठी त्या नमुन्यात रकानाच नसतो.